रिकाम्या नोडचं उत्तर

आमच्या गोंदियाच्या कॉलेजात, कॉम्प्युटर लॅबच्या कोपऱ्यात खिडकीखाली एक जुना सर्व्हर ठेवलेला आहे. कुठल्याशा ऑफिसने नवीन घेतल्यावर हा आम्हाला देऊन टाकला. सुरू केला की धानाची मिल लागल्यासारखा आवाज करतो, म्हणून बाकीची मुलं त्याच्याजवळ बसत नाहीत. मी बसायचे. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि पहिली दोन वर्षं मला सगळ्यांसमोर काही विचारायची फार लाज वाटायची. त्या आवाजात माझं बोलणं कुणाला ऐकू जात नाही, याचंच मला बरं वाटायचं.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी बहुतेकांनी दुकानांची बिलं करणारी ॲप्स घेतली. मला कर्नल शिकायचा होता. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. आपण जे प्रोग्राम वापरतो ते आणि यंत्र यांच्यामध्ये तो बसलेला असतो, कुणाला किती मेमरी द्यायची हे तोच ठरवतो. जगभरातले लोक एका कर्नलवर उघडपणे काम करतात. ज्याला बदल सुचवायचा तो ईमेल पाठवतो आणि ती ईमेल कुणीही वाचू शकतं. मी सहा महिने नुसती वाचत होते. एखाद्याच्या घरी जाऊन दारातच उभं राहावं, तसं.

त्यात एक विषय माझ्या डोक्यात बसला. कॉम्प्युटर चालू असताना त्याच्या मेमरीत सगळं उघडं पडलेलं असतं: पासवर्ड, पत्रं, दवाखान्याचे कागद, सगळं. नवीन प्रोसेसर मेमरीत लिहितानाच ते कूटरूपात लिहितात. कुणी मेमरीची पट्टी उपसून नेली तरी त्याला काही वाचता येत नाही. पण प्रत्येक मशिनला हे जमत नाही, आणि एकाच मशिनमधल्या सगळ्या मेमरीला जमेलच असंही नाही. मग कर्नलने हे कुठेतरी नोंदवून ठेवायला हवं, म्हणजे विचारणाऱ्याला खरं उत्तर मिळेल.

परदेशातले एक अभ्यासू डेव्हलपर नेमकं तेच लिहीत होते. मोठ्या मशिनमध्ये मेमरीचे गट असतात, प्रत्येक प्रोसेसरजवळ एक. त्या गटाला नोड म्हणतात. मशिन सुरू होताना मेमरीच्या प्रत्येक तुकड्याची यादी कर्नलला मिळते आणि तुकड्याला हे कूटरूपाचं कुलूप लागू शकतं की नाही हे त्या यादीत असतं. यांचा कोड नोडमधले सगळे तुकडे तपासणार, सगळ्यांना कुलूप लागत असेल तर त्या नोडच्या फाइलीत ‘१’ दाखवणार, एकाला जरी लागत नसेल तर ‘०’. इतकं साधं काम, पण सुरुवातीलाच, कर्नल पुरता जागाही झालेला नसताना करायचं असल्यामुळे किचकट.

एका ईमेलच्या शेवटी त्यांनी लिहिलं होतं की नवीन मशिनवर सगळं बरोबर चालतं आहे, पण ज्यांना कुलपाची सोयच नाही अशा जुन्या मशिनवर कुणी तपासून दिलं तर बरं होईल.

जुनं मशिन! मी खिडकीखाली बघितलं.

लॅब सांभाळणारे काका मला म्हणाले, “ये डब्बा चलेगा क्या तेरे काम को?”

“चालेल काका. दोन प्रोसेसर आहेत ना यात?”

“दोन आहेत. पर रॅम एक ही तरफ है बेटा. दुसऱ्या बाजूची मी कब की निकाल ली, ऑफिसच्या पीसीला लावली. नहीं तो बाबू लोग रोज मेरे सर पे बैठते थे.”

मी हसले आणि विसरून गेले.

त्यांचा कोड घातलेला कर्नल त्या मशिनवर तयार व्हायला सकाळी लावला की दुपार व्हायची. तिसऱ्या दिवशी तो नीट सुरू झाला. मी दोन्ही नोडच्या फाइली उघडल्या. मशिन जुनं, कुलपाची सोय नाही, म्हणजे दोन्हीकडे ‘०’ यायला पाहिजे. पहिल्या नोडवर, म्हणजे नोड शून्यवर, ‘०’ आलं. नोड एकवर ‘१’ आलं.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच.

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे प्रॅक्टिकलची जर्नल लिहायची एक रीत आहे. रीडिंग काय यायला पाहिजे ते आधीपासून माहीत असतं, वरच्या वर्गाच्या जर्नलमध्ये ते लिहिलेलं असतं. आपलं वेगळं आलं तर तार सैल असेल, मीटर जुना असेल असं समजून यायला पाहिजे तेच लिहायचं. बारावीत लोलकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरणाचं माझं उत्तर साडेआठच्या आसपास आलं होतं. मॅडम म्हणाल्या, “का गं, तुझ्या टेबलापुरती पृथ्वी वेगळी आहे का?” वर्ग हसला. मी खोडून नऊ पॉइंट आठ लिहिलं आणि मला चांगले मार्क मिळाले. ते खोटं आहे असं मला कधी वाटलंच नाही. उपकरण आपलं, हात आपले, म्हणजे चूक आपलीच.

त्या दिवशी लॅबमध्ये मी तेच केलं. एवढे मोठे लोक चुकणार नाहीत, आमचा डबाच कुठेतरी बिघडला असेल. ईमेलमध्ये मी लिहिलं: जुन्या, दोन प्रोसेसरच्या मशिनवर तपासलं. नोड शून्य: ०. नोड एक: ०. आणि त्याखाली त्या लोकांच्या पद्धतीप्रमाणे ‘तपासले’ अशी ओळ आणि माझं नाव. पाठवायच्या आधी मी ती ईमेल सात-आठदा वाचली असेल. स्पेलिंग तपासत होते.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. आभार मानले होते. आठवड्याभरात कोडची नवीन आवृत्ती आली, तिच्यात माझं नाव होतं, आणि वर स्पष्टीकरणात एक वाक्य वाढवलं होतं: कुलपाची सोय नसलेल्या मशिनवरही तपासले आहे, सर्व नोड ० दाखवतात.

प्रोजेक्ट बघणाऱ्या सरांनी ते वर्गात पडद्यावर लावलं. “बघा,” ते म्हणाले, “आपल्या लॅबमधल्या त्या आवाज करणाऱ्या मशिनवर झालंय हे.” मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “सर, मिलचा तांदूळ निघाला शेवटी!” सगळे हसले, टाळ्याही वाजल्या. विभागप्रमुखांनी नोटीस बोर्डावर लावायला त्याची प्रिंट मागितली.

मी मान खाली घालून बसले होते. सगळ्यांना वाटलं लाजली. माझी नजर पडद्यावरच्या त्या एका वाक्यावरून हटत नव्हती. सर्व नोड ० दाखवतात. ते वाक्य दुसऱ्या कुणी लिहिलं होतं, माझ्या शब्दावर. खाली कुणीतरी लिहिलं होतं की आता आक्षेप नसेल तर हा बदल पुढच्या आठवड्यात घेता येईल. म्हणजे तो जगभरच्या मशिनमध्ये जाणार. आणि मी बघितलेला ‘१’ फक्त मला माहीत होता.

त्या शनिवारी मी घरी गेले. कॉलेजसाठी मी गोंदियालगतच्या कुडव्याला मामांकडे राहते. आमचं गाव नागझिऱ्याच्या बाजूला आहे. कोहमाऱ्यापर्यंत बस, तिथून बाबा मोटरसायकलवर घ्यायला येतात. बाबा अभयारण्यात गाईड आहेत. सकाळच्या फेरीहून ते थेट कोहमाऱ्याला आले होते, अंगावर खाकी शर्ट तसाच. धाब्यावर चहा सांगितला आणि म्हणाले, “आज डोकं खाल्लं माह्यं एका पार्टीनं.”

“काय झालं?”

“चार घंटे फिरलो. चितळ दिसले, गवे दिसले, एक अस्वल बी दिसलं दुरून. वाघ नाही. गेटवर वहीत मी तसं लिहून राहिलो, तर साहेब म्हणते, ‘भैया, टायगर लिखो ना, फोटो निकालना है उस पन्ने का.’ मी म्हटलं, साहेब, तुमी फोटो काढून घरी जासान. उद्या येणारा मानूस हे पान वाचून मले त्याच वाटेनं नेजो म्हनंन. तिथं काय दाखवू त्याले, माह्यं तोंड?”

मी हसले, आणि हसता हसता माझे डोळे भरून आले. बाबांनी कप खाली ठेवला.

“काऊन? काय झालं?”

मी सांगितलं. सगळं नाही समजावता आलं, पण एवढं सांगितलं की एका यंत्राच्या दोन बाजू होत्या, दोन्हीचं उत्तर लिहायचं होतं, एका बाजूचं उत्तर विचित्र आलं आणि मी ते बदलून लिहिलं. आता सगळे माझं कौतुक करत आहेत.

“कायले बदललं?”

“मला वाटलं मशिनच खराब आहे.”

“पाहिलं का मग, खराब आहे का?”

पाहिलं नव्हतं.

“दुसऱ्या बाजूत काय आहे?” त्यांनी विचारलं. बाबांना कॉम्प्युटरचं काही माहीत नाही. एखादी पाणवठ्याची जागा विचारावी तसं विचारलं.

“काही नाही. तिकडे मेमरीच नाही. काकांनी काढून घेतली.”

बोलता बोलता मी थांबले. बाबा काहीतरी म्हणत होते, ते मला ऐकू आलं नाही. तिकडे मेमरीच नाही. म्हणजे तपासायला एकही तुकडा नाही. कोड आधी उत्तर ‘हो’ धरून चालतो, मग एकेक तुकडा बघतो, आणि कुलूप न लागणारा तुकडा सापडला की ‘नाही’ करतो. तुकडाच नसेल तर ‘नाही’ करणार कोण? सुरुवातीचं ‘हो’ तसंच राहणार. आमचा डबा बिघडलेला नव्हता. त्याने जे होतं ते दाखवलं होतं.

आणि ते किरकोळही नव्हतं. उद्या एखादा प्रोग्राम एवढंच बघेल की कुठल्यातरी नोडवर ‘१’ आहे का, आणि या मशिनवर सगळं सुरक्षित आहे असं समजून लोकांची गुपितं त्यावर ठेवेल.

“आता काय करशील?” बाबा म्हणाले.

“खरं सांगितलं तर नाव काढून टाकतील बाबा. आणि तिथं सगळं उघडं असतं. कायमचं राहतं.”

“हो, राहीन ना,” ते म्हणाले आणि चहा संपवला. “चाल. तुह्या मायनं भजे काढून ठेवले असन, थंडे झाले तर मले बोलंन.”

एवढंच. मी गाडीवर मागे बसले. त्यांनी मला सांग किंवा नको सांगू असं काही म्हटलं नाही. आईसमोर तो विषयही काढला नाही. आईने मात्र शेजारच्या काकूंना आधीच सांगून टाकलं होतं की पोरीचं नाव बाहेरदेशात गेलं, आणि रविवारी दुपारी काकू मला बघायला आल्या. “अशीच तं दिसते,” त्या आईला म्हणाल्या, “काही फरक नाही पडला.”

सोमवारी मी सर्व्हर सुरू केला आणि या वेळी सगळं जसंच्या तसं फाइलीत उतरवलं, सुरू होताना येणाऱ्या सगळ्या ओळींसकट. मग त्याची प्रिंट घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. मला उभं राहूनच बोलता आलं.

सर म्हणाले, “थोडं थांबू या का? आधी बदल स्वीकारला जाऊ दे. मग आपण दुरुस्ती पाठवू. तीही आपल्याच नावावर येईल.”

खरं सांगते, त्या क्षणी मला हे फार बरं वाटलं. त्यात कुणाचं नुकसान दिसत नव्हतं. नोटीस बोर्डावरची प्रिंट राहिली असती, वर दुसरी लागली असती.

“सर, पण त्या वाक्यावर विसंबून ते घेत आहेत,” मी म्हणाले. माझा आवाज इतका बारीक होता की त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हणाले.

सरांनी माझ्या हातातले कागद घेतले. ‘१’च्या ओळीखाली मी पेन्सिलने रेघ मारली होती. ते तिच्याकडे बघत म्हणाले, “जर्नलमध्ये तुम्ही सगळे असंच करता ना?”

“हो सर.”

“आम्हीही करायचो.” थोड्या वेळाने ते उठले. “चल. लॅबमध्ये चल. मी बाजूला बसतो.”

ती ईमेल लिहायला मला पूर्ण सकाळ लागली, आणि ती पाच ओळींची होती. मी आधी पाठवलेला निकाल खरा नव्हता. नोड एकवर मला १ दिसला होता, तो चुकीचा समजून मी ० लिहिला. नोड एकवर मेमरी नाही, कदाचित त्यामुळेच असं होत असावं. खरा निकाल सोबत जोडला आहे. माझी ‘तपासले’ ही ओळ कृपया काढून टाकावी. सरांनी फक्त एक शब्द बदलायला सांगितला. मी ‘चुकून’ असं लिहिलं होतं. ते म्हणाले, चुकून नव्हतं ना ते. मी तो शब्द काढला आणि बटण दाबलं.

पहिलं उत्तर त्या डेव्हलपरचं नव्हतं. ज्यांच्या हातात स्वीकारायचं की नाही हे असतं, त्यांच्यापैकी एकांचं होतं. त्यांनी लिहिलं: ‘तपासले’ याचा अर्थ जे दिसले ते सांगितले. काय दिसायला हवे होते हे आम्हाला माहीतच आहे, त्यासाठी तुमची गरज नाही. पुन्हा असे करू नका. हा बदल मी तूर्त घेत नाही.

मी ते वाचलं आणि लॅबच्या बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं. काका तिथे चहाचे कप विसळत होते. “क्या हुआ, डाँट पड़ी?” त्यांनी विचारलं. मी मान हलवली. “रॅम निकाली मैंने, डाँट खाई तूने,” ते म्हणाले. “साहेबांना लिहून दे, काका की गलती है.” मला रडता रडता हसू आलं.

दुसऱ्या दिवशी डेव्हलपरचं उत्तर आलं. त्यांनी कारण शोधलं होतं आणि ते तेच होतं: नोडमध्ये एकही तुकडा नाही, म्हणून तपासणी झालीच नाही आणि सुरुवातीचं ‘हो’ टिकून राहिलं. त्यांच्या सगळ्या मशिनमध्ये मेमरी दोन्ही बाजूंना भरलेली होती, त्यामुळे त्यांना हे कधी दिसलंच नसतं. त्यांनी विचारलं होतं की दुरुस्ती मला करून बघायची आहे का.

मला! मी सरांकडे धावतच गेले. दुरुस्ती चार ओळींची झाली. नोडमध्ये तुकडाच सापडला नाही तर उत्तर ‘०’. त्या चार ओळी डेव्हलपरनी दोनदा परत पाठवल्या, एकदा शब्दांमधल्या मोकळ्या जागेच्या चुकीसाठी आणि एकदा मी टिप्पणीत फार माफी मागितली होती म्हणून. ‘कोडमध्ये माफी नको, कारण लिहा,’ असं त्यांनी लिहिलं होतं. तिसऱ्यांदा घेतल्या.

नवीन आवृत्तीत माझ्या नावाची जुनी ओळ नव्हती. तिच्या जागी दोन वेगळ्या ओळी होत्या. एकीत म्हटलं होतं की हा दोष मी कळवला. दुसरीत, या कामात माझाही हात आहे असं. मी ती आवृत्ती पुन्हा आमच्या मशिनवर चढवली. नोड शून्य: ०. नोड एक: ०. पडद्यावर दिसलं ते एक अक्षर न बदलता ईमेलमध्ये उतरवलं, आणि नोड एक रिकामा आहे हेही लिहिलं. मग पुन्हा एकदा ‘तपासले’ असं लिहून पुढे नाव घातलं आणि पाठवलं. काही आठवड्यांनी बदल स्वीकारला गेला. ज्यांनी रागावून लिहिलं होतं, त्यांनीच घेतला. एका शब्दाचं उत्तर होतं: घेतले.

पुढच्या वेळी घरी गेले तेव्हा अंगणात बसून मी बाबांना मोबाइलवर ते दाखवलं. इंग्रजी त्यांना पर्यटकांशी बोलण्यापुरतं येतं, पण माझं नाव त्यांनी एकेक अक्षर लावून वाचलं. तीन ठिकाणी होतं. तिन्ही ठिकाणी बोट ठेवलं. आई मागून वाकून बघत होती.

मग, फोनवर मी सांगितलं होतं ते आठवून, बाबा म्हणाले, “अन् ते रागावलेलं कुठं आहे?”

“तेही आहे बाबा. त्याच्याच आधी.”

“ते दाखव.”

मी दाखवलं. “काय लिहिलं आहे, सांग,” म्हणाले. मी शब्द न् शब्द मराठीत सांगितला, काही न गाळता. आई म्हणाली, “अवं माय, एवढं बोलला? आपल्या पोरीले?” बाबांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि नावाच्या ओळींपेक्षा जास्त वेळ ते तेच बघत राहिले.

“बोलला म्हनजे वाचलं ना त्यानं,” ते आईला म्हणाले. “तिकडं दूर कुठं बसून आपल्या पोरीनं लिहिलेलं पुरं वाचलं.”